किरकोळ दुरुस्त्या

येलहंका,
११ जानेवारी २०२५

श्री. वादिराज यांस,

हे पत्र घराबद्दल आहे. माझ्याबद्दल नाही आणि तुमच्याबद्दलही नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाचायला हरकत नसावी. फोन तुम्ही सोडलात, म्हणून मला पोस्टात जावं लागतं. मागच्या खेपेला खिडकीवरची मुलगी म्हणाली, "मिस, स्पीड पोस्ट कुणाला?" म्हटलं, "आमच्या यजमानांना." ती पाकिटाकडे बघायची सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

घराला गिऱ्हाईक मिळालंय हे नोव्हेंबरात कळवलं होतं. तुम्ही संमतीच्या कागदावर सही करून तो परत पाठवलात, बरोबर एक ओळसुद्धा नाही. सरी, म्हटलं, ठीक आहे. त्या दिवशी मला कळलं की थोरले भाऊजी गेल्यावर देवळातली पूजा मोडू नये म्हणून 'पंधरा दिवसांसाठी' बेन्नेहळ्ळीला गेलेला माणूस दोन वर्षांनीही परत यायचा नाही. मी निवृत्त झाले, शाळेचा गलका संपला, आता या चार खोल्यांत एकटीने कुणासाठी दिवे लावायचे? बसवनगुडीला पद्मावतीच्या इमारतीत तळमजल्यावर एक लहान फ्लॅट रिकामा होतोय. पद्मावती म्हणजे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची ती, जिला तुम्ही मागून 'प्रयोगशाळा' म्हणायचात. तिथला मालक मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. त्यापुढे नाही. म्हणजे हे घर मार्च संपायच्या आत विकलं गेलं पाहिजे.

घेणारे नवराबायको आहेत, शार्दूल आणि सिद्धी. पुण्याहून आलेले, दोघंही कॉम्प्युटरवाले. आणखी दोन गिऱ्हाइकं होती, पण ही दोघं फाटकात उभी राहून "काकू, येऊ का आत?" म्हणाली आणि मी पाघळले. तुमच्यानंतर या गल्लीत मराठीत हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

तर त्यांनी काल घर तपासायला माणूस पाठवला. हल्ली अशा कंपन्या निघाल्यात. अभिराज नावाचा तरुण होता. हातात टोकाला लोखंडी गोळी बसवलेली काठी. ती फरशीफरशीवर आपटत, कान देऊन तो घरभर हिंडला. ओल मोजायचं यंत्र भिंतींना लावलं, गच्चीवर जाऊन टाकीत डोकं घातलं, एकेका प्लगमध्ये काहीतरी खुपसून बघितलं. कॉफी दिली तर "नको मॅडम, आम्हाला परवानगी नसते." संध्याकाळी फोटोंसकट अहवाल आला. शेवटी लिहिलंय, घर मजबूत आहे, दोष किरकोळ स्वरूपाचे आहेत.

हे किरकोळ दोष तुम्हाला सांगते, कारण ते सगळे तुमच्या हातचे आहेत. उचलल्याशिवाय न लागणारं फाटक. उलटा फिरणारा न्हाणीघरातला नळ. पंखा लावला की मुकी होणारी दारावरची घंटा. मागच्या मोरीतल्या पायरीजवळच्या फरश्या, ज्या तुम्ही एका रविवारी बसवल्यात, त्या खालून पोकळ निघाल्या. आणि मागच्या खोलीची भिंत गुडघ्यापर्यंत ओली आहे, गिलाव्याला पोपडे आलेत. पावसाचं टिपूस नाही आणि भिंत ओली, म्हणजे आतला पाइप गळतोय एवढं मलाही कळतं.

या घरात तुम्ही कधी मिस्त्री येऊ दिला नाहीत. "मी आहे ना," म्हणायचात. होतात.

त्या भिंतीतून पाइप कुठून कुठे नेलाय तेवढं कळवा. बाकी काही नको. ती दोघं विचारतात, काका कुठे असतात? मी सांगितलंय, गावी गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील. तुम्हाला त्याचा काही त्रास नाही.

सत्यवती

येलहंका,
२३ जानेवारी

श्री. वादिराज यांस,

पाकीट मिळालं. आत एक कागद, त्यावर फूटपट्टीने आखलेली भिंत. पाइप निळ्या शाईत, बाण लाल शाईत, कोपऱ्यात उत्तर दिशासुद्धा दाखवलीत. 'सत्यवती' हे नाव कागदावर कुठेही नाही. पाकिटावर होतं, पण ते पोस्टमनसाठी.

रविवारी ती दोघं बोलणी करायला आली. शार्दूलने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "काकू, आपण एकेक पॉइंट घेऊ या. म्हणजे दोन्ही बाजूंना क्लॅरिटी येईल."

मी इतकी वर्षं वर्गात फळ्यावर एकेक पायरी मांडायला शिकवलं. पण माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, मलाच कुणी पायऱ्या मांडून दाखवल्या की माझं डोकं फिरतं. तरी सुरुवात मीच केली. म्हटलं, फाटक मी नीट करून देते. घंटेसाठी इलेक्ट्रिशियन बोलावते.

"नळ उलटा फिरतो, काकू."

"स्वल्प सवय लागली की कळतही नाही."

"स्वल्प म्हणजे?"

"थोडीशी," सिद्धीने त्याला सांगितलं. सहा वर्षं या गावात राहतोय हा मुलगा, आणि भाजीवाल्याच्या तोंडचा हा शब्द त्याला ठाऊक नाही. तिथेच माझं मन थोडं खट्टू झालं. मराठी बोलणारी आहेत म्हणून मी यांना आपलं समजले, आणि माझं मराठी यांना भाषांतर करून सांगावं लागतं.

मग मागची मोरी निघाली. तो तिला युटिलिटी म्हणतो. "तिथल्या सगळ्या फरश्या काढून नव्या घालाव्या लागतील."

"मी रोज धुण्याची बादली घेऊन त्यांच्यावरून जाते. आजवर काही झालेलं नाही."

"पोकळ आहेत. ऐका." तो उठला, मोरीत गेला आणि बुटाच्या टाचेने फरशीवर मारलं. नेमकं त्याच क्षणी हवाई तळावरून विमान उठलं. सध्या त्यांचा सराव चाललाय, दिवसभर घराच्या काचा वाजतात. "ऐकलंत?"

"विमान ऐकलं."

सिद्धीला हसू आलं. त्याला आलं नाही. म्हणाला, फरश्यांचं नंतर बघू, पण भिंत झाली नाही तर आम्ही पुढे जाऊ शकणार नाही. नाहीतर किमतीत कमी करा. किंमत एकदा ठरली आहे, मी म्हटलं, आणि ठरलेलं मी मोडत नसते. तेव्हा सिद्धी हळूच म्हणाली, "काकू, ती खोली ह्याच्या आईंची असणार आहे. त्यांना दमा आहे. नागपूरचं घर बंद करून आता कायमच्या येतायत."

"मग जुनं घर कशाला बघता? नवाकोरा फ्लॅट घ्यायचा."

"घेतला होता," शार्दूल म्हणाला. "बिल्डर पळाला." आणि त्याने लॅपटॉप मिटला.

मला वाईट वाटलं. भिंत करून देईन एवढंच म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. बोलता बोलता त्याने तुमच्या गिलाव्याला 'हौशी काम' म्हटलं. मी असं काही ऐकवलं त्याला! म्हटलं, ही भिंत लिंपणारा माणूस कारखान्यात विमानांचे सुटे भाग घासायचा, केसाएवढी चूक झाली तरी रात्रभर झोपायचा नाही. तो बिचारा सॉरी सॉरी करायला लागला. तुम्हाला नावं ठेवायचा हक्क माझा आहे, पुण्याच्या पोराचा नाही.

उद्यापासून महांतेश भिंतीचं काम घेतोय. माझ्याकडे गणितात दोनदा नापास झालेला, तोच. आता ओल काढायची कंत्राटं घेतो. तुमचं चित्र त्याला दिलंय.

सत्यवती

येलहंका,
३१ जानेवारी

वादिराज,

ते चित्र कुठल्या घराचं काढून पाठवलंत?

महांतेश सहा दिवस 'नाळे, मिस, नाळे' करत होता. नाळे म्हणजे उद्या हे आता शार्दूललाही पाठ झालंय. शेवटी काल सकाळी आला. तुमचा कागद भिंतीवर चिकटवून त्याने निळ्या रेघेवर भोक पाडलं. आत पाइप नाही. हातभर डावीकडे पाडलं, तिथेही नाही. मग म्हणाला, मिस, साहेबांचं चित्र उलटं धरलं असेल. कागद उलटा धरून उजवीकडे खाली छिन्नी मारली, आणि तुमच्या चित्रात जिथे काहीही नाही तिथून पाण्याची चिळकांडी थेट माझ्या गादीवर. मुख्य नळ बंद करेपर्यंत खोलीत घोटा बुडेल एवढं पाणी. मी झाडूने पाणी लोटतेय, महांतेश भोकात फडकं कोंबतोय, आणि फाटक वाजलं. शार्दूल आणि सिद्धी. काम कसं चाललंय ते बघायला आली होती.

त्याने दारातून भिंतीकडे बघितलं. "काकू, हे काय? ही आधीपेक्षा वाईट झाली."

"एक आठवडा, सर," महांतेश म्हणाला.

"इथे सगळं एका आठवड्यावरच असतं का?" तो माझ्याकडे वळला. "काका कधी येणारेत? तुम्ही दर वेळी पुढचा आठवडा म्हणता. घर दोघांच्या नावावर आहे, बँक त्यांना समोर बघितल्याशिवाय पैसे सोडणार नाही. ते येणारेत ना नक्की?"

"तो आमच्या घरातला प्रश्न आहे."

"आमच्यासाठी तो व्यवहारातला आहे, काकू."

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच माझा तोल गेला. हातातला झाडू टाकला आणि म्हटलं, "निघा. मला घर विकायचंच नाही."

"काकू, असं नका..." सिद्धी म्हणाली.

"निघा म्हटलं ना!"

गेली दोघं. जाताना त्या मुलीने फाटक उचलून नीट लावलं. हो, ते अजून दुरुस्त झालेलं नाही.

बसवनगुडीच्या मालकाचा आज फोन होता, दुसरं एक कुटुंब फ्लॅट बघून गेलं म्हणे. पद्मावती म्हणते, तू त्या मुलांची माफी माग. मी कशाची माफी मागू? मला विचारून पाइप पुरला होता का कुणी? मला विचारून कुणी गावी गेलं का?

घरातलं पाणी बंद आहे. मागच्या अंगणातल्या नळावरून बादल्या आणते. हे तुम्हाला लिहायचं नव्हतं, लिहून गेलं.

सत्यवती

येलहंका,
५ फेब्रुवारी

(काका, अक्षर वेगळं दिसेल. काकू सांगतायत आणि मी लिहिते आहे. सिद्धी.)

श्री. वादिराज यांस,

उजव्या हाताला जरा लागलंय, म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेते. फार काही नाही.

(मनगट मोडलंय. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत आहे. काकू म्हणतायत हे लिहू नको. मी लिहिणार.)

परवा सकाळी अंगणातून बादली घेऊन येताना मोरीतली फरशी हलली. कुठली ते सांगायला नको. पाय सटकला आणि मी हातावर पडले. फोन बाहेरच्या खोलीत राहिला होता. हाका मारल्या, पण वर विमानं. तिथेच पडून राहिले. डोळ्यांसमोर ती फरशी होती, उचकटलेली. तिच्याखाली सिमेंट फक्त कडेकडेने लावलंय तुम्ही, मध्ये नुसती वाळू. बराच वेळ मी तेच बघत होते.

ही मुलगी आली म्हणून सुटले. नवऱ्याला न सांगता आली होती, एकदा शेवटचं बोलून बघावं म्हणून. घंटा वाजली नाही. पंखा चालू होता. कुणी उघडत नाही म्हणून बोळातून मागे आली आणि तिने मला बघितलं. तिच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. तिथे खिडकीवरच्या माणसाने तिला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ही म्हणाली, "बायर." तो म्हणाला, अं? ही म्हणाली, "मी त्यांचं घर विकत घेतेय." मला इतकं दुखत असताना हसू आलं.

(मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.)

बाकी ठीक. डबा शेजारच्या घरून येतो. वेणी ही घालते, फार घट्ट घालते. लिही, तेही लिही.

आता कामाचं. भिंत तशीच उघडी आहे. पाइप नक्की कुठून गेलाय ते नीट आठवून कळवा. चित्र नको. शब्दांत लिहा. त्यासाठी तुम्ही इथे येण्याची काही गरज नाही.

सत्यवती

काका, नमस्कार. इथून पुढे मी माझं लिहितेय. काकू औषध घेऊन झोपल्यात. पाकीट मीच बंद करणार आहे, त्यामुळे त्यांना हे दिसणार नाही.

तुमच्या दोघांचं काय आहे ते मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. शार्दूल परवापासून नीट जेवलेला नाही. त्याला वाटतं, त्याने त्या फरशीवर एवढा वाद घातला नसता तर काकूंनी कदाचित ती आपणहून बसवून घेतली असती. मला तसं वाटत नाही, काकू कशा आहेत ते तुम्हाला माहीतच असेल. आम्हाला हे घर अजून हवंय. पण दोन गोष्टी क्लिअर हव्यात. एक म्हणजे पाइप. दुसरं, तुम्ही रजिस्ट्रेशनला येणार की नाही. नसाल येणार तर तसं त्यांना एकदा स्पष्ट कळवा. "पुढच्या आठवड्यात येतील," असं त्यांनी प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टरांनी विचारलंही नव्हतं.

सिद्धी

येलहंका,
१७ फेब्रुवारी

वादिराज,

डाव्या हाताने लिहितेय. पहिलीतल्या पोराची वही समजून वाचा.

तुमचं पत्र आलं. या वेळी शब्द होते. 'तुला त्या भिंतीवर आरसा लावायचा होता, त्याच्या खिळ्याला जागा राहावी म्हणून पाइप वरून न नेता जमिनीलगत फिरवला. हे चित्र काढताना विसरलो.' मी ते साफ विसरले होते. आरसा कधीच फुटला. खिळा आहे अजून, त्यावर आता पिशवी असते.

वाचून बरं वाटायला हवं होतं. उलट संध्याकाळभर चिडचिड झाली. एका खिळ्यासाठी कुणाच्या तरी मनाचा एवढा विचार करणारा माणूस गावी निघताना मात्र पिशवी भरून झाल्यावर सांगतो. हे गणित मला सुटत नाही.

माझ्या हाताबद्दल एक शब्द होता, 'जप.' बरं.

महांतेशने जमिनीलगत उकरलं, सांधा सापडला. कोपऱ्यात वळण घेताना जोडलेला होता, तिथूनच झिरपत होतं. पाइप बदलला. भिंत वाळतेय, मग गिलावा. फाटकही झालं, आता एका बोटाने लागतं.

शनिवारी शार्दूल आला. घंटा वाजवून बाहेरच उभा राहिला. (घंटाही झाली.) म्हटलं, ये आत. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काकू, त्या दिवशी मी जास्त बोललो."

"मीही हाकललं."

"हो. ते मला फार लागलं."

एवढं सरळ कुणी माझ्यासमोर बोललं नव्हतं बऱ्याच दिवसांत. म्हटलं, कॉफी कर, डबा वरच्या फळीवर आहे. त्याने केली. पाणचट होती.

मग तो म्हणाला, युटिलिटीच्या फरश्या आम्ही बसवून घेऊ. मी म्हटलं, अजिबात नाही, त्या मी बसवून देणार.

"काकू, तुम्ही त्यांच्यावरूनच पडलात."

"म्हणूनच मी बसवणार."

"आम्हाला तशाही बदलायच्याच आहेत."

"तुझ्या आईने या घरात पाय ठेवायच्या आत बदलल्या पाहिजेत. तू घर ताब्यात घेऊन मग मिस्त्री शोधणार, तो नाळे नाळे करणार. तोवर त्यांनी कुठून जायचं?"

महिन्याभरापूर्वी जो वाद आम्ही एका बाजूने घातला तोच आता दुसऱ्या बाजूने घालत होतो, आणि तेवढ्याच तावातावाने. माझी वेणी घालायला आलेली सिद्धी मध्ये पडली. फरश्या माझ्याकडे, गच्चीवरची टाकी त्यांच्याकडे, नळ आहे तसा राहू द्यायचा. शार्दूलने लगेच ते टाइप करून छापून आणलं. मराठीत लिहिलं होतं, माझ्यासाठी म्हणून. त्यात 'दुरुस्ती' चुकीची लिहिली होती. मी डाव्या हाताने लाल खूण केली. पहिल्यांदा हसताना दिसला मुलगा.

रजिस्ट्रेशन वीस मार्चला. दोघांच्या सह्या आणि अंगठे लागतात, तुम्हाला यावं लागेल. हे मी विनवून सांगत नाही, कचेरीचा नियम सांगते. आणि सिद्धीने मागच्या पत्रात आपल्या पदरचं काही लिहिलं असलं तर ते मला सांगू नका. पाकीट इतकं जड का झालं, ते मी विचारलेलं नाही.

सत्यवती

बसवनगुडी,
२९ मार्च

वादिराज,

हात आता चालतो. फार वेळ लिहिलं की दुखतो, म्हणून पत्र दोन बैठकांत लिहितेय.

तुम्ही त्या सकाळी येलहंका स्टेशनवर उतरून चालत घरी आलात. पिशवी दारात ठेवलीत आणि सरळ मागच्या खोलीत गेलात. भिंतीवर तळवा ठेवलात, बोटांनी वाजवून बघितलंत, वाकून खालचा कोपरा चाचपलात. "कोरडी आहे," म्हणालात. मी मागे दारात उभी होते. त्यानंतर तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दोन वर्षांनी घरात पाऊल ठेवलं आणि आधी भिंत बघितली. हे मी तुम्हाला तेव्हा बोलले नाही, कारण बाहेर शार्दूल गाडी सुरू करून बसला होता आणि कचेरीतली वेळ ठरलेली होती. आता बोलते.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत माझा अंगठा यंत्राने लगेच घेतला. तुमचा घेईना. तीनतीनदा दाबलात. कारकून म्हणाला, अज्जा, रेषा झिजल्यात. देवाची तांब्याची भांडी घासून घासून झिजल्या असतील. तुमचा चेहरा असा झाला की जणू चोरी पकडली गेली. मी पदराने तुमचा अंगठा पुसला आणि धरून काचेवर दाबला, तेव्हा यंत्र बोललं. तेवढ्यापुरतं मला काहीतरी झालं, ते मी नाकारत नाही. तुमचा हात थंड होता.

मग समोरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी प्यायलो. ती दोघं कागद घ्यायला परत आत गेली होती. तुम्ही पेल्यात बघत म्हणालात, "थोरल्या दादांचा यशोवर्धन गावी येतोय कायमचा. पूजा तो बघेल म्हणतो. मी बसवनगुडीला आलो तर?"

'तर'वर थांबलात. तेवढ्यात शार्दूलने हाक मारली, मग ऑटो आला, मग तुमच्या गाडीची वेळ झाली. तुम्हाला वाटलं असेल मी ऐकलं नाही. ऐकलं होतं. गेले नऊ दिवस दुसरं काही ऐकू येत नाहीये.

इकडचं सांगते. फ्लॅट लहान आहे, पण सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं. पद्मावती वरच्या मजल्यावर, दिवसातून दोनदा खाली येते आणि माझी पुस्तकं कशी लावावीत ते सांगते. सिद्धीचा काल फोन होता. शार्दूलच्या आई आल्या. पहिल्या रात्री शार्दूल दोनदा उठून त्यांचा श्वास ऐकायला गेला, त्या गाढ झोपल्या होत्या. मला म्हणाली, "काकू, तुमची खोली त्यांना मानवली." तुमची खोली म्हणाली. फोन ठेवल्यावर मी थोडी रडले. दुःख झालं असं नाही. काम नीट पार पडलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. राहायला येऊ नका.

लगेच पत्र घडी करून ठेवू नका, पुढे वाचा. तुम्ही गेलात तेव्हा मला विचारलं नाहीत. आता यायचं म्हणता, तेही देवळाची सोय लागली म्हणून. त्यात मी कुठे आहे? दोन वर्षं मी दूधवाल्याला, पोस्टातल्या मुलीला, डॉक्टरला खोटं सांगितलं, आणि तुम्ही मला एक रागाचं पत्रसुद्धा पाठवलं नाहीत. त्या शार्दूलने माझ्याशी फरशी-फरशीवरून वाद घातला. मला तोंडावर बोलला. मी त्याला घरातून हाकललं, तरी परत येऊन घंटा वाजवली आणि म्हणाला, मला लागलं. मी त्याची कोण? तुमच्याशी संसार केला मी, आणि तुम्ही एकदा भांडायलासुद्धा आला नाहीत. गप्प राहून मोठेपणा मिळवलात. सगळे म्हणतात, वादिराजअण्णा किती शांत. मी मात्र कजाग ठरले.

तेव्हा यायचंच असेल तर आधी भांडायला या. एका दिवसासाठी या. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोहोचा, संध्याकाळी परत जा. भाऊजी गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून मी सुरुवात करणार आहे आणि एकही गोष्ट गाळणार नाही. तुम्हीही बोलायचं. मी तुमच्याबरोबर गावी आले नाही याचा तुम्हाला राग असणारच, तो मला ऐकायचाय. मध्येच उठून गॅसची नळी तपासायला जायचं नाही. जेवायला घालीन, पोळ्या करीन, हात दुखला तर भातावर भागवू. बोलून झाल्यावर आपल्याला एकमेकांचं तोंड बघावंसं वाटतंय का ते बघू. वाटलं तर पुढचं बोलू. नाही वाटलं तर निदान कळेल.

कुठल्याही दिवशी या. फक्त रविवारी नको. रविवारी सकाळी मी आणि पद्मावती लालबागेत फिरायला जातो, परत येताना डोसा खातो, आणि ते मी आता कुणासाठी मोडणार नाही.

सत्यवती